पहिला कामगार ठेवताना : छोट्या व्यावसायिकांसाठी कामगार कायद्यांची सोपी माहिती

मुद्रा, पीएमईजीपी, स्वनिधी अशा योजनांमधून कर्ज घेऊन अनेकांनी स्वतःचा व्यवसाय उभा केला आहे. सुरुवातीला घरचेच हात कामाला असतात. काम वाढले की एखादा मदतनीस, शिवणकाम करणारी ताई किंवा डिलिव्हरीसाठी एखादा मुलगा ठेवावा लागतो. त्या दिवसापासून कायद्याच्या दृष्टीने तुम्ही ‘मालक’ म्हणजेच नियोक्ता होता, मग दुकान दहा बाय दहाचे असले तरी.

कर्ज कसे मिळवावे, हप्ते कसे भरावेत याची माहिती बँकेत मिळते. मालक म्हणून आपल्यावर काय बंधने येतात हे मात्र बहुतेकांना पहिली तक्रार झाल्यावरच समजते. असे होऊ नये म्हणून हा लेख आहे. एक कामगार असताना काय करायचे, १० झाले की काय वाढते आणि २० झाले की काय वाढते, या क्रमाने माहिती दिली आहे.

कायदे कोणते?

कामगारांविषयीचे २९ केंद्रीय कायदे एकत्र करून चार संहिता तयार करण्यात आल्या. या चारही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झाल्या आहेत.

- वेतन संहिता, २०१९ : पगार, किमान वेतन, बोनस
- सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० : पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी, प्रसूती लाभ, अपघात भरपाई
- औद्योगिक संबंध संहिता, २०२० : कामावरून कमी करणे, तंटे
- व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० : कामाचे तास, सुट्टी, सुरक्षितता

नव्या व्यवस्थेकडे जाण्याच्या काळात जुन्या कायद्यांखालील नियम, योजना आणि अधिसूचना गरजेनुसार चालू राहतात. पीएफ आणि ईएसआयचे दर पूर्वीचेच आहेत. याशिवाय प्रत्येक राज्याचा दुकाने व आस्थापना कायदा वेगळा असतो. तुम्ही मूळचे कोणत्या राज्याचे आहात याला येथे महत्त्व नाही. व्यवसाय जेथे चालतो त्या राज्याचा नियम लागू होतो. साताऱ्याच्या माणसाचे दुकान सुरतेत असेल तर गुजरातचे किमान वेतन आणि गुजरातचा दुकान कायदा पाहावा लागेल.

सर्वात आधी लक्षात ठेवण्याची गोष्ट : पुरावा मालकाने द्यायचा असतो

एक उदाहरण घेऊ. एका ताईंनी शिशु मुद्रा कर्जातून, म्हणजे ५० हजार रुपयांपर्यंतच्या कर्जातून, दोन शिलाई मशीन घेतल्या. कामाला एक बाई ठेवली. पगार महिना १२,००० रुपये ठरला. ताई दर महिन्याला रोख पैसे हातात देत होत्या. सही कधी घेतली नाही, वहीत नोंद केली नाही. दीड वर्षाने वाद झाला, बाईंनी काम सोडले आणि ‘तीन महिन्यांचा पगार मिळाला नाही’ असा दावा कामगार कार्यालयात केला.

पैसे दिले होते, असे ताई सांगतील. पण वेतन संहितेच्या कलम ५९ नुसार पगार दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची आहे. कामगाराने ‘मिळाला नाही’ हे सिद्ध करायचे नसते. ताईंकडे कागद नसेल तर ३६,००० रुपये पुन्हा द्यावे लागू शकतात. त्याशिवाय दाव्याच्या रकमेच्या दहा पटीपर्यंत भरपाई देण्याचा आदेश करण्याचा अधिकार संबंधित प्राधिकाऱ्याला आहे. असा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो.

ही तरतूद कामगाराला संरक्षण देण्यासाठी आहे, कारण कागद नेहमी मालकाच्या हातात असतात. पण जो मालक प्रामाणिकपणे पगार देतो आणि नोंद ठेवत नाही, त्यालाही तिचा फटका बसू शकतो. म्हणून पुढील सर्व मुद्द्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल : जे द्याल, जे ठरवाल, ते लिहून ठेवा.

एक कामगार असला तरी लागू होणाऱ्या गोष्टी

*१. किमान वेतन*

वेतन संहितेनुसार किमान वेतन आता सर्व क्षेत्रांतील सर्व कर्मचाऱ्यांना लागू आहे. ‘आमचा धंदा यादीत नाही’ हे कारण चालत नाही. दर राज्य सरकार ठरवते. काम अकुशल, अर्धकुशल की कुशल आहे आणि जागा शहरात आहे की गावात, यावर दर बदलतो. महागाईशी जोडलेला भत्ताही वेळोवेळी बदलतो. त्यामुळे वर्षातून किमान दोनदा राज्याच्या कामगार विभागाच्या संकेतस्थळावर दर तपासून घ्या.

कामगाराने स्वतःहून ‘मला कमी चालेल’ असे सांगितले किंवा लिहून दिले तरी किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. नगावर काम देत असाल, जसे एका ब्लाउजमागे किंवा एका पेटीमागे, आणि नगाचा दर सरकारने ठरवलेला नसेल, तर दिवसभराच्या कामाचे पैसे किमान वेतनाच्या खाली जाता कामा नयेत.

*२. स्त्री-पुरुष समान वेतन*

एकाच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला स्त्री म्हणून कमी पगार देणे बेकायदेशीर आहे. कामावर घेतानाही असा भेद करता येत नाही. अपवाद फक्त कायद्यानेच स्त्रियांना मनाई किंवा मर्यादा असलेल्या कामांचा.

*३. पगार कधी द्यायचा*

- रोजंदारी : त्या दिवसाचे काम संपल्यावर
- आठवडी पगार : साप्ताहिक सुट्टीच्या आधीच्या कामाच्या दिवशी
- पंधरवड्याचा पगार : पंधरवडा संपल्यानंतर दुसरा दिवस संपण्याच्या आत
- मासिक पगार : पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत
- काम सोडल्यास किंवा काढून टाकल्यास : कामाच्या दोन दिवसांच्या आत

शेवटचा मुद्दा बहुतेकांना माहीत नसतो. ‘पुढच्या महिन्यात ये, हिशेब करू’ असे आता म्हणता येत नाही. कामगाराने स्वतः राजीनामा दिला असला तरी दोन दिवसांचीच मुदत आहे.

पगार रोख, धनादेशाने, बँक खात्यात किंवा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने देता येतो. शक्य असेल तर खात्यात किंवा यूपीआयने द्या, म्हणजे पुरावा आपोआप तयार होतो. रोख दिल्यास तारीख, रक्कम आणि कोणत्या महिन्याचा पगार हे लिहून सही किंवा अंगठा घ्या.

*४. पगारातून कपात*

गैरहजेरी, दिलेली उचल, पीएफ-ईएसआयचा कामगाराचा वाटा, कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान अशा कायद्यात दिलेल्या कारणांसाठीच कपात करता येते. सर्व कपाती मिळून त्या पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. दंडाची रक्कम ३ टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही आणि दंड करण्याआधी कामगाराचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. मशीन बिघडली, ग्राहकाने माल परत केला म्हणून संपूर्ण पगार अडवून ठेवता येत नाही.

*५. उचल आणि मूळ कागदपत्रे*

सणाला, आजारपणाला उचल देणे गैर नाही. उचल दिल्याची तारीख, रक्कम आणि दरमहा किती कापायचे हे लिहून ठेवा. पण ‘उचल फिटेपर्यंत काम सोडता येणार नाही’ अशी अट घालणे म्हणजे वेठबिगारी. बंधबिगार पद्धत (उच्चाटन) कायदा, १९७६ नुसार हा गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कामगाराचे मूळ आधार कार्ड, रेशन कार्ड किंवा बँकेचे पासबुक स्वतःकडे ठेवून घेऊ नका. झेरॉक्स पुरेशी आहे.

*६. जादा काम*

ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काम करून घेतल्यास त्या वेळेचे पैसे दुप्पट दराने द्यावे लागतात. उदाहरणार्थ, ८ तासांची मजुरी ६०० रुपये असेल तर तासाला ७५ रुपये होतात. दोन तास जादा काम केल्यास प्रत्येक तासाचे १५० याप्रमाणे ३०० रुपये द्यावे लागतील. दिवसाचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि जादा कामाची कमाल मर्यादा यांचे दुकानांसाठीचे नियम राज्याच्या दुकान कायद्यात असतात, ते पाहून घ्या.

*७. बालमजुरी*

१४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामावर ठेवता येत नाही. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. स्वतःच्या घरच्या मुलांनी शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत कौटुंबिक व्यवसायात बिनधोक मदत करण्याची सूट आहे. ती सूट शेजाऱ्याच्या किंवा गावाकडून आणलेल्या मुलाला लागू होत नाही. ‘त्याच्या आईवडिलांनीच पाठवले’ हे उत्तर ग्राह्य धरले जात नाही. कामावर घेताना वयाचा पुरावा पाहा आणि त्याची प्रत ठेवा.

*८. कामावर अपघात झाल्यास*

कामगार ईएसआयमध्ये नसेल तर कामामुळे आणि काम करत असताना झालेल्या अपघाताची भरपाई मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. यंत्र, वाहन, बांधकाम, मालाची चढउतार अशी कायद्याच्या परिशिष्टात दिलेली कामे यात येतात. मृत्यू झाल्यास मासिक पगाराच्या ५० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. वय ३० आणि पगार १२,००० रुपये असेल तर हिशेब असा होतो :

६,००० × २०७.९८ = १२,४७,८८० रुपये

कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५० ऐवजी ६० टक्के रक्कम धरली जाते. छोट्या व्यवसायाचे भांडवलही इतके नसते. म्हणून ईएसआय लागू नसेल तर कोणत्याही सर्वसाधारण विमा कंपनीकडून कामगार नुकसानभरपाईचा विमा घ्यावा. मशीनचा विमा बँक घ्यायला लावते, माणसाचा विमा मात्र आपणच आठवणीने घ्यायचा असतो.

*९. महिला कर्मचाऱ्यांची सुरक्षितता*

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सर्व ठिकाणी लागू आहे. १० पेक्षा कमी कामगार असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ही माहिती दुकानात दिसेल अशी लावावी.

*१०. कामावरून कमी करणे*

ज्या कामगाराची सलग एक वर्ष सेवा झाली आहे (बारा महिन्यांत २४० दिवस काम, हे साधारण माप), त्याला काम नाही म्हणून कमी करायचे असल्यास कारणासह एक महिन्याची लेखी सूचना किंवा त्याऐवजी एक महिन्याचा पगार द्यावा लागतो. शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. गैरवर्तनाच्या कारणावरून काढायचे असेल तर आरोप लेखी देऊन त्याला उत्तराची संधी द्या. रागाच्या भरात ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणणे पुढे महाग पडते.

कामगार १० झाले की

*ईएसआय (कर्मचारी राज्य विमा)*

१० किंवा अधिक व्यक्ती कामाला असल्यास नोंदणी करावी लागते. धोकादायक म्हणून अधिसूचित व्यवसायात एक कामगार असला तरी ही तरतूद लागू होऊ शकते. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कर्मचारी यात येतात. दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी ही मर्यादा २५,००० रुपये आहे. मालकाचा वाटा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के.

१२,००० रुपये पगारावर मालकाचे ३९० आणि कामगाराचे ९० रुपये होतात. या ४८० रुपयांत कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला उपचार, आजारपणात ७० टक्के पगार (वर्षाला ९१ दिवसांपर्यंत), प्रसूती लाभ आणि अपघाताचे लाभ मिळतात. वर पाहिलेल्या १२ लाखांच्या जबाबदारीतून मालकही मोकळा होतो.

*ग्रॅच्युइटी*

सलग ५ वर्षे सेवा केलेल्या कर्मचाऱ्याला काम सोडताना प्रत्येक वर्षासाठी १५ दिवसांचा पगार मिळतो. महिना २६ दिवसांचा धरतात. शेवटचा पगार १२,००० असेल आणि सेवा ५ वर्षे असेल तर १२,००० × १५ ÷ २६ × ५ म्हणजे सुमारे ३४,६१५ रुपये. मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास ५ वर्षांची अट नाही. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांनाही ५ वर्षांची अट लागू नाही. रक्कम ३० दिवसांत द्यावी लागते.

*प्रसूती लाभ*

प्रसूतीआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेल्या महिलेला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. ती ईएसआयमध्ये असेल तर हा पैसा ईएसआयकडून मिळतो. या रजेच्या काळात तिला कामावरून काढता येत नाही.

*अंतर्गत समिती आणि नियुक्तिपत्र*

१० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे. न नेमल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र द्यावे लागते. संख्या १० पेक्षा कमी असली तरी नियुक्तिपत्र द्यावे, असा आमचा सल्ला आहे. त्याचा नमुना पुढे दिला आहे.

कामगार २० झाले की

*पीएफ (भविष्यनिर्वाह निधी)*

२० किंवा अधिक कर्मचारी असल्यास पीएफ लागू होतो. कामगाराच्या पगारातून १२ टक्के आणि मालकाकडून १२ टक्के रक्कम जमा होते. १२,००० रुपये पगारावर दोघांचे प्रत्येकी १,४४० रुपये होतात. मालकाच्या वाट्यातील ८.३३ टक्के (येथे सुमारे १,००० रुपये) पेन्शन योजनेत आणि उरलेले पीएफ खात्यात जातात. याशिवाय विमा योजना आणि प्रशासकीय खर्चासाठी मालकाला प्रत्येकी ०.५ टक्का भरावा लागतो. पीएफ आणि ईएसआय दोन्हींचा भरणा पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करायचा असतो.

कामगाराच्या पगारातून पीएफ किंवा ईएसआय कापून घेतले आणि भरले नाही, तर तो गंभीर गुन्हा आहे. त्यासाठी एक ते तीन वर्षे कैद आणि १ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. व्यवसायात पैशांची अडचण आली तरी हा पैसा वापरू नका. तो तुमचा नाही.

*बोनस*

वर्षात किमान ३० दिवस काम केलेल्या आणि पगारमर्यादेत बसणाऱ्या कर्मचाऱ्याला किमान ८.३३ टक्के बोनस द्यावा लागतो. कमाल मर्यादा २० टक्के आहे. हिशेबाचे वर्ष संपल्यावर आठ महिन्यांत तो द्यायचा असतो. नव्या व्यवसायाला पहिली पाच वर्षे ज्या वर्षी नफा होईल त्याच वर्षी बोनस देणे बंधनकारक आहे.

*तक्रार निवारण समिती*

२० किंवा अधिक कामगार असलेल्या औद्योगिक आस्थापनेत मालक व कामगार यांचे समान प्रतिनिधी असलेली समिती असावी लागते.

संख्या कमी दाखवू नका

९ वर थांबायचे किंवा १९ वर थांबायचे, उरलेल्यांना हजेरीत घ्यायचेच नाही, असा सल्ला काही जण देतात. तो धोक्याचा आहे. हंगामी, अर्धवेळ आणि ठेकेदारामार्फत आलेले कामगारही मोजणीत धरले जातात. हजेरीत नसलेल्या माणसाला अपघात झाला तर ईएसआयचे संरक्षण राहत नाही आणि संपूर्ण जबाबदारी मालकावर येऊ शकते. एकदा पीएफ किंवा ईएसआय लागू झाल्यावर नंतर संख्या घटली म्हणून ते आपोआप बंद होत नाही. संख्या १० किंवा २० पेक्षा कमी असतानाही कामगारांच्या संमतीने या योजनांत स्वेच्छेने सामील होता येते.

योग्य नोंदणी केल्यास सरकारकडून मिळणारी मदत

प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात निर्माण होणाऱ्या नव्या नोकऱ्यांसाठी प्रोत्साहन रक्कम मिळते.

- ५० पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या आस्थापनेने किमान दोन जादा कर्मचारी घेऊन ते सहा महिने टिकवले पाहिजेत.
- मालकाला प्रत्येक जादा कर्मचाऱ्यामागे दरमहा ३,००० रुपयांपर्यंत दोन वर्षे मिळतात. १०,००१ ते २०,००० रुपये पगारासाठी ही रक्कम २,००० रुपये आहे. उत्पादन क्षेत्राला ही मदत चार वर्षे मिळते.
- प्रथमच नोकरीला लागलेल्या कर्मचाऱ्याला एक महिन्याच्या पगाराइतकी, कमाल १५,००० रुपये, रक्कम दोन हप्त्यांत मिळते.

यासाठी आस्थापनेची पीएफ नोंदणी आणि दरमहा वेळेवर विवरण भरणे आवश्यक आहे. म्हणजे जो मालक कामगार लपवतो, तो ही मदतही गमावतो.

दोन-तीनच कामगार असतील तर त्यांच्यासाठी काय करता येईल?

पीएफ-ईएसआय लागू नसले तरी पुढील योजनांत कामगारांची नोंद करून देता येते :

- ई-श्रम : १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांसाठी मोफत नोंदणी.
- प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना : वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा, वय १८ ते ७०.
- प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना : वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमा, वय १८ ते ५०.
- प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन : वय १८ ते ४०, मासिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत. वयाच्या ६० नंतर दरमहा किमान ३,००० रुपये पेन्शन.

दोन्ही विम्यांचा एका कामगाराचा वर्षाचा हप्ता ४५६ रुपये होतो. तो मालकाने भरला तरी मोठा भार नाही. मात्र या योजनांमुळे मालकाची अपघात भरपाईची जबाबदारी संपत नाही.

चार कागद, एक फाइल

१. *नियुक्तिपत्र* : कामगाराचे नाव, वय, पत्ता, काम, कामावर आल्याची तारीख, पगार, कामाची वेळ, साप्ताहिक सुट्टी. एक पान पुरते. कामगाराला वाचता येईल अशा भाषेत लिहा, दोघांनी सही करा, एक प्रत त्याला द्या.

२. *हजेरीपट* : रोजची हजेरी, जादा तास. शंभर पानी वही चालते, पण रोज भरा. महिनाअखेरीस एकदम भरलेली हजेरी लगेच ओळखू येते.

३. *पगार नोंदवही आणि पगारपावती* : एकूण पगार, कपात कशाची व किती, हातात दिलेली रक्कम, तारीख, सही. पावती कामगाराला द्या.

४. *उचल नोंद* : दिलेली रक्कम, परत कापलेली रक्कम, शिल्लक.

नोंदवही न ठेवल्यास १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. देय रकमेपेक्षा कमी पगार दिल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तोच गुन्हा पाच वर्षांत पुन्हा केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मात्र पहिल्या वेळी चूक सुधारण्यासाठी निरीक्षकाने लेखी संधी द्यावी, अशी तरतूद आहे. ती संधी मिळाल्यास तिचा उपयोग करा, नोटीस बाजूला टाकून देऊ नका.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

*प्रश्न : कामगार नात्यातला आहे. त्याला पगारपावती द्यायची का?*
उत्तर : तो पगारावर काम करत असेल तर होय. नात्यातल्या व्यवहारातच कागद राहून जातो आणि वाद झाला की तोच कामाला येतो.

*प्रश्न : जेवण आणि राहण्याची सोय देतो. मग पगार कमी दिला तर चालेल का?*
उत्तर : ‘जेवणखाण आणि थोडे पैसे’ असा ढोबळ व्यवहार करू नका. किमान वेतन रोखीने किंवा खात्यात दिले पाहिजे. राहण्याच्या जागेसाठी काही कपात करायची असेल तर ती कायद्याच्या मर्यादेत आणि नोंदवहीत दाखवूनच करा.

*प्रश्न : कामगार न सांगता निघून गेला. त्याचा राहिलेला पगार द्यायचा का?*
उत्तर : होय. केलेल्या कामाचा पगार त्याचा आहे. उचल शिल्लक असेल तर ती नियमाप्रमाणे वळती करून उरलेली रक्कम त्याच्या खात्यात भरा आणि तसा निरोप लेखी पाठवा.

*प्रश्न : नोंदणी कोठे करायची?*
उत्तर : पीएफ आणि ईएसआयची नोंदणी श्रम सुविधा पोर्टलवर एकत्र करता येते. दुकानाची नोंदणी किंवा सूचना राज्याच्या कामगार विभागाच्या पोर्टलवर होते. संगणक वापरता येत नसल्यास जवळच्या सामाईक सेवा केंद्रात (सीएससी) जावे.

*प्रश्न : मदत कोठे मिळेल?*
उत्तर : पीएफसाठी १४४७०, ईएसआयसाठी १८००-११-२५२६, ई-श्रमसाठी १४४३४ या क्रमांकांवर विचारता येते. बालमजुरीची माहिती देण्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे. किमान वेतन आणि पगाराच्या तक्रारींसाठी जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात जावे.

आजपासून सुरुवात कशी करावी?

आतापर्यंत काहीच नोंद ठेवली नसेल तर मागचे कागद खोटे तयार करू नका. या महिन्यापासून वही सुरू करा. सध्या असलेल्या प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्या आणि त्यात तो खरोखर कधीपासून कामावर आहे ती तारीख लिहा. राज्याचे किमान वेतन तपासा, कमी देत असाल तर या पगारापासून दुरुस्त करा. मागील फरक निघत असेल तर कामगाराशी बसून हिशेब करा आणि रक्कम दिल्याची सही घ्या.

योजनेचा लाभ घेऊन व्यवसाय उभा करणाऱ्यांपैकी अनेकांनी आधी दुसऱ्याकडे काम केले आहे. पगारासाठी थांबावे लागले, सही कोऱ्या कागदावर घेतली गेली, आजारपणात पैसे कापले गेले, हे त्यांनी स्वतः पाहिले आहे. आपल्याकडे येणाऱ्या कामगाराला त्यातून जावे लागू नये, याची व्यवस्था आता तुमच्या हातात आहे. आणि तीच वही उद्या वाद झाला तर तुमच्याही बाजूने बोलेल.